जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांचे खंड मोडू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी नुकताच जो लेख आला, त्यात अमेरिकेच्या आरंभकाळातील वृत्तपत्रांचा उल्लेख होता. अठराव्या शतकाच्या अखेरचे अंक आता भारतात घरबसल्या मागवता येतात आणि मथळा पाहून ‘एखादी ऐतिहासिक बातमी असलेला अंक’ घेऊन ठेवला तर पुढे त्याचे चांगले पैसे होतात, असा त्या मजकुराचा एकंदर सूर होता. मी मूळची नगरची, बरीच वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये राहते आणि स्वतः ही वृत्तपत्रे जमवते. मराठी वाचकांना या छंदाची ओळख करून दिल्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार मानते. परंतु त्यांनी दिलेल्या सल्ल्याला माझा विरोध आहे. गाजलेल्या बातमीचा सुटा अंक हवा, या एकाच मागणीमुळे दोनशे वर्षे जपले गेलेले, वर्षभराचे अंक एकत्र शिवलेले बांधीव खंड आज पाते लावून उसवले जात आहेत, आणि ती मागणी आपल्याकडूनही वाढू लागली तर या नुकसानीत आपलाही हात लागेल, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत तो साधारणपणे १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले तेव्हापासून १८२० च्या आसपासपर्यंतचा. त्याच १७८९ च्या एप्रिलमध्ये जॉन फेनो यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ सुरू केले. (मुंबईतले पहिले वृत्तपत्र मानले जाणारे ‘बॉम्बे हेरल्ड’ हेही त्याच सालचे.) फेनो सरकारपक्षाचे, त्यांना उत्तर म्हणून १७९१ मध्ये फिलिप फ्रेनो यांनी परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या पाठबळावर ‘नॅशनल गॅझेट’ काढले. बेंजामिन फ्रँकलिन यांचा नातू बेंजामिन फ्रँकलिन बेच याचे ‘अरोरा’ फिलाडेल्फियात सरकारवर तुटून पडत असे, आणि १८०१ मध्ये माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने ‘न्यूयॉर्क इव्हनिंग पोस्ट’ निघाले. ही झाली मोठी नावे. त्यांच्या मागे गावोगावच्या लहान छापखान्यांतून निघणारी असंख्य साप्ताहिके होती. क्लॅरेन्स ब्रिगम यांनी १६९० ते १८२० या काळातल्या अमेरिकी वृत्तपत्रांची जी सूची १९४७ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात दोन हजारांहून अधिक वृत्तपत्रांची नोंद आहे. त्यांतली कित्येक वर्ष-दोन वर्षांतच बंद पडली, आणि काहींचे आज एक-दोन अंकच शिल्लक आहेत.

या वृत्तपत्रांचे परस्परांशी असलेले नाते समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोल कळत नाही. १७९२ च्या टपाल कायद्याने शंभर मैलांपर्यंत एका सेंटात आणि त्यापुढे दीड सेंटात वृत्तपत्र पोहोचवण्याची सोय केली. शिवाय एका संपादकाने दुसऱ्या संपादकाला पाठवलेल्या अंकाला टपालखर्चच माफ केला. त्यामुळे फिलाडेल्फियात छापलेला मजकूर काही आठवड्यांत व्हरमाँटच्या किंवा केंटकीच्या साप्ताहिकात उतरवला जाई, आणि तिथला संपादक त्याला चार ओळींची आपली पुस्ती जोडी किंवा नको तो भाग गाळी. वॉशिंग्टन यांचे प्रसिद्ध निरोपाचे निवेदन भाषण म्हणून कधी दिलेच गेले नाही. ते १९ सप्टेंबर १७९६ रोजी ‘क्लेपूल्स अमेरिकन डेली ॲडव्हर्टायझर’मध्ये छापून आले आणि तिथून देशभर पसरले. आज लिलावात सगळ्यांचे डोळे त्या पहिल्या अंकावर असतात. ते निवेदन आपल्या गावापर्यंत केव्हा पोहोचले, कोणत्या बातमीशेजारी बसवले गेले, त्यावर स्थानिक संपादकाने काय म्हटले, हे मात्र मागाहून छापणाऱ्या सामान्य पत्रांतच वाचायला मिळते, आणि तेही पुढचे-मागचे अंक हाताशी असतील तरच.

‘मथळा पाहून अंक घ्यावा’ हा सल्ला या काळाला मुळातच लागू पडत नाही, कारण आपण ज्याला मथळा म्हणतो तसा मथळाच त्या अंकांत नसतो. एका मोठ्या कागदाची एक घडी म्हणजे चार पानांचा अंक. लाकडी हातछापयंत्रावर दोन माणसे राबत. एक जण चामड्याच्या बोंडांनी खिळ्यांना, म्हणजे धातूच्या अक्षरांना, शाई लावी आणि दुसरा दांडा ओढी. तासाला अडीचशे कागदांची एक बाजू निघाली तरी ते चांगले काम समजले जाई. कागदाची बाहेरची बाजू, म्हणजे पहिले आणि चौथे पान, आधी छापून ठेवत आणि आतली बाजू शेवटी. म्हणून पहिल्या पानावर जाहिराती, कायद्यांचे मसुदे, लांबलचक पत्रे असतात, आणि ताजी बातमी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, कित्येकदा तिसऱ्या पानाच्या एखाद्या रकान्याच्या तळाशी, बारीक टायपात सापडते. १७ सप्टेंबर १७८७ रोजी सह्या झालेली राज्यघटना डनलॅप आणि क्लेपूल यांनी दोन दिवसांनी ‘पेनसिल्व्हेनिया पॅकेट’चा अख्खा अंक देऊन छापली, हा अपवादच म्हणावा लागेल. एरवी हा अंक सगळा वाचावा लागतो.

माझ्याकडे बोस्टनच्या ‘कोलंबियन सेंटिनेल’चा १७९० च्या दशकातला एक अगदी साधा अंक आहे. बेंजामिन रसेल यांचे हे पत्र दर बुधवारी आणि शनिवारी निघत असे. या अंकात इतिहासाच्या पुस्तकात जाईल असे काहीही नाही. वरच्या कोपऱ्यात तपकिरी पडलेल्या शाईने वर्गणीदाराचे आडनाव लिहिलेले आहे. छापखान्यातला मुलगा अंक वाटताना गोंधळू नये म्हणून तशी नावे घालत. घडीच्या कडेला शिवणीची छिद्रे ओळीने आहेत, म्हणजे हा अंक एके काळी खंडात बांधलेला होता. कागद उजेडात धरला की बारीक आडव्या रेघांचे जाळे आणि त्यांना छेदणाऱ्या, इंचभर अंतरावरच्या उभ्या रेघा दिसतात. हाताने कागद गाळण्याच्या चौकटीतल्या तारांचे ते ठसे आहेत. मागच्या बाजूवर बोट फिरवले तर खिळ्यांचा दाब जाणवतो. चौथ्या पानावर नुकत्याच आलेल्या जहाजातल्या हिंदुस्थानी कापडाची जाहिरात आहे आणि तिच्यात बाफ्ता, महमुदी, हमहम असे प्रकार ओळीने दिले आहेत. तिच्याखाली एक घर भाड्याने देणे आहे, आणि त्याखाली एका गृहस्थाने आपली पत्नी घर सोडून गेली असून तिच्या देण्याला आपण बांधील नाही असे जाहीर केले आहे. बाजारात असा अंक वीस-तीस डॉलरांना मिळतो. माझ्या लेखी तो ज्या खंडातून निघाला त्या खंडात असता तर त्याची योग्यता कितीतरी पटींनी अधिक राहिली असती.

हे अंक टिकले कसे, याचे कारणही त्यांच्या कागदात आहे. त्या वेळी कागद लिननच्या आणि सुती कापडाच्या चिंध्यांपासून होत असे. चिंध्यांचा तुटवडा इतका असे की संपादक आपल्याच पत्रात जाहिरात देऊन घरोघरच्या स्त्रियांना जुने कापड फेकू नका म्हणून विनवीत. चिंध्यांच्या कागदातले धागे लांब आणि त्यात आम्ल कमी. म्हणून १७९५ चा अंक आजही पांढुरका आणि लवचीक राहतो, तर लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आल्यानंतरचा १८९५ चा अंक हातात घेताच कडेने पापडासारखा तुटतो. दुसरे कारण बांधणीचे. ग्रंथालये, वाचनगृहे आणि नीटनेटके वर्गणीदार वर्षभराचे अंक एकत्र शिवून घेत. आत दाबून, प्रकाशापासून दूर राहिलेला अंक टिकला आणि सुटा पडलेला चुलीत किंवा दुकानातल्या पुड्या बांधण्यात गेला. आज ज्या बांधणीला पाते लावले जाते तिनेच हा कागद आपल्यापर्यंत पोहोचवला आहे.

खंड मोडण्यामागचे गणित सरळ आहे. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या पत्राच्या वर्षभराच्या खंडात शंभरावर अंक असतात. ग्रंथालयाने काढून टाकलेला असा खंड विक्रेता घेतो. १७९९-१८०० च्या हिवाळ्याचा असेल तर वॉशिंग्टन यांच्या निधनाच्या काळ्या चौकटींचे अंक चढ्या भावाने जातात, अध्यक्षांचे एखादे निवेदन असलेले आणखी काही बऱ्यापैकी किमतीला जातात, आणि उरलेले पंच्याहत्तर-ऐंशी अंक ‘किरकोळ’ म्हणून वाढदिवसाच्या भेटीला, चौकटीत लावायला किंवा गठ्ठ्याने विकले जातात. एकेक अंक वेगळा विकून येणारी रक्कम अख्ख्या खंडाच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून हा धंदा चालतो. त्यात बेकायदा काही नाही आणि सगळे विक्रेते असे करतात असेही नाही. खंड न मोडता विकणारे जाणकार विक्रेते मी पाहिले आहेत. पण ग्राहक सुट्या अंकाला जास्त पैसे मोजत राहिला तर त्यांचा तरी टिकाव कसा लागणार?

खंड मोडल्याने काय जाते, ते १७९८ च्या एका उदाहरणावरून सांगते. त्या वर्षीच्या १४ जुलैला सरकारविरोधी लिखाणाला शिक्षा करणारा राजद्रोहाचा कायदा झाला. ‘अरोरा’चे बेच यांना त्याआधीच जूनमध्ये पकडले होते आणि त्यांचा खटला उभा राहायचा होता. तेवढ्यात फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ पसरली आणि सप्टेंबरमध्ये बेच वारले. त्यांच्यामागून काही दिवसांतच त्यांचे कट्टर विरोधक फेनोही त्याच साथीत गेले. ‘अरोरा’ काही आठवडे बंद राहिले आणि नोव्हेंबरमध्ये बेच यांच्या पत्नी मार्गारेट यांच्या नावाने, विल्यम डुएन यांच्या हाती पुन्हा निघू लागले. हे सगळे सलग खंडात वाचताना आधी आजाऱ्यांच्या बातम्या आणि औषधांच्या जाहिराती वाढतात, दुकाने गावाबाहेर हलवल्याच्या सूचना येऊ लागतात, मग अंकच थांबतात. ती खंडातली रिकामी जागा हीच त्या साथीची साक्ष आहे. सुट्या अंकांच्या बाजारात रिकामी जागा विकता येत नाही आणि विकत घेताही येत नाही.

संग्राहक कसा असावा याचे माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण प्रजासत्ताकाच्या थोडे आधीचे आहे. हार्बॉटल डॉर हा बोस्टनचा लोखंडी सामानाचा व्यापारी. १७६५ पासून १७७६ पर्यंत त्याने आपल्या गावची वृत्तपत्रे ओळीने जमवली, समासात स्वतःच्या हाताने टिपा लिहिल्या, टोपणनावांनी लिहिणारे कोण ते नोंदवले, एका बातमीचा धागा दुसऱ्या अंकातल्या बातमीला जोडला आणि स्वतःची सूचीही तयार केली. तीन हजारांहून अधिक पानांचे हे चार खंड आहेत. तीन मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे होते. चौथा मेन राज्यातल्या एका संस्थेकडून २०११ मध्ये लिलावाला आला आणि सोसायटीने तो विकत घेऊन चारही एकत्र आणले. तो खंड कुणा व्यापाऱ्याने घेऊन अंक सुटे केले असते तर प्रत्येक अंक बोस्टनच्या इतर प्रतींसारखाच एक अंक राहिला असता आणि डॉरने जोडलेले धागे सगळे तुटले असते. तसेच आयझाया थॉमस यांचे. ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ या वृत्तपत्राचे हे मुद्रक; अमेरिकेतल्या छपाईचा इतिहास लिहिताना त्यांनी ठिकठिकाणच्या मुद्रकांकडून अंक मागवले, आणि १८१२ मध्ये वुस्टर येथे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापन करून तो संग्रह तिला दिला. त्या काळातल्या अमेरिकी वृत्तपत्रांचा सर्वांत मोठा साठा आज तिथे आहे. त्यांनी निवड केली असती, ‘महत्त्वाचे’ तेवढेच ठेवले असते, तर पुढच्या अभ्यासकांना काय महत्त्वाचे वाटेल याचा निकाल त्यांनीच १८१२ मध्ये लावून टाकला असता.

‘आता सगळे संगणकावर आहे, मग मूळ खंडांचे काय एवढे?’ असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर लाखो पाने फुकट वाचता येतात. मी स्वतः ती वाचते आणि मराठी वाचकांनीही अवश्य वाचावीत. पण त्यातला पुष्कळ भाग मायक्रोफिल्मवरून, म्हणजे पानांच्या बारीक छायाचित्रांच्या फितीवरून, उतरवलेला आहे, आणि फिल्म घेताना शिवणीकडच्या ओळी अंधारात गेलेल्या, फिकी अक्षरे पुसट झालेली, पुरवण्या सुटलेल्या असतात. फिल्म झाली म्हणून मूळ खंड काढून टाकण्याची लाट विसाव्या शतकात अनेक ग्रंथालयांत आली. १९९९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडची अमेरिकी वृत्तपत्रे विकायला काढली तेव्हा कादंबरीकार निकोलसन बेकर यांनी स्वतःची पुंजी घालून त्यांतले पुष्कळसे खंड वाचवले आणि २००४ मध्ये ते ड्यूक विद्यापीठाकडे सोपवले. ते खंड बहुतांशी नंतरच्या काळातले होते, तरीही एका माणसाच्या हट्टाने काय होऊ शकते हे त्यावरून दिसते.

एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते, कारण तिच्यात केवळ कागदाचा प्रश्न नाही. या अंकांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती असतात आणि अलीकडे त्यांना संग्राहकांची मागणी आहे. मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रांत अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरातल्या कारभाऱ्याने अशीच जाहिरात दिली. ओना जज नावाची तरुणी घरातून निघून गेली होती; तिचा रंग, चेहऱ्यावरचे बारीक डाग, काळेभोर डोळे, दाट केस, तिच्याकडचे कपडे यांचे वर्णन देऊन तिला आणून देणाऱ्यास दहा डॉलर बक्षीस लावले होते. ती सापडली, पण परत गेली नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये तिने उरलेले आयुष्य काढले आणि १८४८ मध्ये ती वारली. अशी जाहिरात कापून चौकटीत बसवली की तिचे निव्वळ अप्रूप उरते. तीच जाहिरात तिच्या पानावर, पिठाच्या भावाशेजारी आणि जहाजांच्या वेळापत्रकाखाली वाचली की ज्या समाजाला माणसाची विक्री आणि पिठाची विक्री एकाच रकान्यात वावगी वाटत नव्हती, तो समाज समोर उभा राहतो. म्हणून या जाहिराती कात्रण म्हणून कधीही विकत घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

नवख्यांना फसवणुकीचा धोका आहेच. न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टन येथील ‘अल्स्टर काउंटी गॅझेट’चा ४ जानेवारी १८०० चा वॉशिंग्टन-निधनाचा अंक हे त्याचे ठळक उदाहरण. एकोणिसाव्या शतकात त्याच्या इतक्या प्रतिकृती छापल्या गेल्या की आज पोटमाळ्यावर सापडणारी प्रत जवळजवळ नेहमी प्रतिकृतीच निघते. खरी प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसला १९३० च्या सुमारास मिळाली. कागद गुळगुळीत, पिवळट आणि ठिसूळ असेल, उजेडात तारांच्या रेघा दिसत नसतील, खिळ्यांचा दाब लागत नसेल, तर तो अंक घेऊ नये. ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे लांब दिसणे हे १८०० च्या आधीच्या छपाईत नेहमीचे आहे, पण नकला करणाऱ्यांनाही ते ठाऊक असते, त्यामुळे अक्षरापेक्षा कागदावर विश्वास ठेवावा.

मराठी वाचकाने या दूरच्या कागदांत का रमावे, असे कुणी म्हणेल. कंटाळवाण्या समजल्या जाणाऱ्या अंकांतच आपला भाग दडलेला आहे, हे त्याचे उत्तर. टिपूच्या आणि मराठ्यांच्या लढायांच्या बातम्या लंडनच्या पत्रांतून उतरवून तिथे छापल्या जात. कलकत्त्याहून, मद्रासहून, मुंबईहून निघालेल्या जहाजांची नावे बंदराच्या यादीत येत. एप्रिल १७९६ मध्ये कॅप्टन जेकब क्राउनिनशील्ड यांनी बंगालमधून न्यूयॉर्कला आणलेल्या हत्तीच्या जाहिराती गावोगावच्या पत्रांत झळकल्या. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम आणि फिलाडेल्फिया इथून अमेरिकी मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले आणि त्यांतले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट पुढच्या वर्षी मुंबईला पोहोचले. त्यांच्या मिशनच्या छापखान्यात गणपत कृष्णाजींसारखे मराठी मुद्रक तयार झाले, आणि १८४२ मध्ये आमच्या नगरहून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघाले. न्यू इंग्लंडच्या छोट्या पत्रांत या मंडळींच्या प्रस्थानाची, वर्गणीची, पत्रांची जी बारीकसारीक नोंद आहे, ती महाराष्ट्राच्या मुद्रण-इतिहासाच्या अभ्यासकांनी वाचायला हवी. विक्रेत्यांच्या याद्यांत त्या अंकांना ‘विशेष बातमी नाही’ असा शेरा असतो आणि खंड मोडल्यावर सर्वांत आधी तेच विखुरतात.

तेव्हा ज्यांना हा छंद लागला असेल त्यांना माझी विनंती आहे की जमल्यास दोघा-तिघांनी मिळून एखादा अख्खा खंड घ्यावा, फाटका असला तरी चालेल, आणि तो मोडू नये. सुटा अंक घ्यायचाच असेल तर पूर्वीच सुटा झालेला घ्यावा. तो चौकटीत घालून उन्हात टांगू नये, चिकटपट्टी लावू नये, घड्या घालू नयेत. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात आडवा ठेवावा आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावसाळ्यात अधूनमधून पाहावा. वर्गणीदाराचे नाव, ग्रंथालयाचा शिक्का आणि शिवणीच्या छिद्रांची संख्या व अंतर यांची नोंद पाकिटावर पेन्सिलीने करावी, अंकावर नव्हे. एकाच खंडातून फुटलेले अंक कधी काळी निदान कागदोपत्री जुळवायचे झाले तर याच खुणा उपयोगी पडतील. आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे, की हा अंक कोणत्या खंडातून, केव्हा काढला आणि त्या खंडाचे उरलेले अंक आता कुठे आहेत. उत्तर देण्याची त्याची तयारी नसेल, तर तो अंक घेऊ नये.

आपली नम्र,
एक वाचक
वुस्टर, मॅसॅच्युसेट्स